कुत्र्याच्या चामखिळी आणि शरीराची जाग

धुळ्यास पांझरा नदीच्या कांठीं, देवपूर भागांत राहणाऱ्या एखाद्या सुशिक्षित कुटुंबाची कल्पना करावी. घरांत आजीबाई, मुलगा व सून, दहा वर्षांची नात, तिचा धाकटा भाऊ आणि आठ-दहा महिन्यांचें एक कुत्रें. एके दिवशीं सकाळीं भाकरीचा तुकडा पुढें करतांना नात ओरडते. कुत्र्याच्या खालच्या ओठाच्या आंत, फुलकोबीच्या लहानशा तुऱ्यासारखा एक पांढुरका उंचवटा तिला दिसलेला असतो. आठवड्याभरांत एकाचे चार होतात, पंधरवड्यांत चारांचे पंधरा होतात. हिरड्यांवर, जिभेच्या कडेस, टाळूवर, जिकडे पाहावें तिकडे चामखिळी! तोंडास दुर्गंधि येते, लाळ गळते, खातांना मधूनच रक्त दिसतें.

मग घरांत सल्लामसलत सुरू होते. शेजारचे गृहस्थ सांगतात, हा कर्करोग आहे. दुसरे म्हणतात, मुलांस लागण होईल, जनावर घरांत ठेवूं नका. आजीबाईंना बिब्बा आठवतो. कोणी चुना लावावयास सांगतो, तर कोणी सारंगखेड्याच्या घोडेबाजारांतून घोड्याचा केस आणून त्यानें चामखिळीचें मूळ आवळून बांधण्याची युक्ति सुचवितो. आणि शेवटीं मुलें झोंपल्यावर, हलक्या आवाजांत, आणखी एक सूचना पुढें येते : आग्रा रस्त्यानें लळिंगच्या बाजूस नेऊन सोडून द्यावें, म्हणजे कटकट मिटली.

हें कुटुंब काल्पनिक आहे. पण त्याची अडचण काल्पनिक नाहीं. तरुण कुत्र्यांच्या तोंडांत अशा चामखिळी होणें ही जगभर आढळणारी गोष्ट आहे, आणि त्या दिसतांच माणसांची जी गाळण उडते तीही सर्वत्र सारखीच. वर सांगितलेल्या सल्ल्यांपैकीं मात्र एकही बरोबर नाहीं. हा बहुधा कर्करोग नसतो. मुलांस त्याची लागण होत नाहीं. बिब्बा, चुना व घोड्याचा केस यांनीं मुक्या प्राण्याला यातना तेवढ्या होतात. आणि टाकून देण्याजोगें तर या आजारांत कांहींच नाहीं. उलट, या क्षुद्र दिसणाऱ्या व्याधीचा अभ्यास करतां करतां मनुष्यजातीच्या हातीं, विशेषतः स्त्रियांच्या संरक्षणासाठीं, एक मोठें साधन आलें आहे. तें साधन कसें सांपडलें, आणि देवपुरांतील त्या कुत्र्यासाठीं काय करावें, हे दोन प्रश्न वरवर अगदीं वेगळे दिसले तरी एकाच सूत्रांत ओंवलेले आहेत. तें सूत्र म्हणजे शत्रूला ओळखण्याची शरीराची शक्ति.

चामखीळ हा विषाणूचा रोग आहे. विषाणु म्हणजे जिवंत पेशींत शिरल्यावांचून ज्याची वाढ होऊं शकत नाहीं असा अतिसूक्ष्म जंतु. चामखिळी उत्पन्न करणाऱ्या विषाणूंच्या कुळास ‘पॅपिलोमा’ असें नांव आहे. हे विषाणु इतके लहान असतात कीं, एका मिलिमीटरच्या लांबींत त्यांचे सुमारें १८,००० एका ओळींत बसतील. सन १८९८ मध्यें इंग्लंडांतील मॅक्फेड्यन व हॉब्डे या पशुवैद्यांनीं एका कुत्र्याच्या चामखिळी दुसऱ्या कुत्र्यास लागतात असें प्रयोगानें दाखविलें. १९०७ सालीं इटलींतील च्युफो यांनीं मनुष्याच्या चामखिळीचा अर्क अतिशय बारीक गाळणींतून गाळला व तो टोंचून पाहिला. त्या गाळणींतून कोणताही साधा जंतु पार होणें शक्य नव्हतें. तरीही चामखीळ उगवली. म्हणजे रोगाचें बीज त्याहूनही सूक्ष्म होतें. पुढें १९३२ सालीं अमेरिकेंत डीमॉनब्रन व गुडपाश्चर यांनीं कुत्र्यांच्या तोंडांतील चामखिळींचा असाच अभ्यास केला. त्यांत त्यांना एक फार महत्त्वाची गोष्ट आढळली. एकदां बरें झालेल्या कुत्र्यास तोच अर्क पुन्हा टोंचला तर त्याला रोग होत नाहीं. शरीर एकदां शत्रूला ओळखूं लागलें कीं तें त्याला विसरत नाहीं.

येथें एक शंका सहज निघते. शरीर जर इतकें स्मरणशील आहे, तर मग पंधरा-वीस चामखिळी उगवेपर्यंत तें स्वस्थ कां बसतें? याचें उत्तर या विषाणूच्या राहणींत आहे. आपली त्वचा व तोंडाचें अस्तर हीं अनेक थरांचीं बनलेलीं असतात. सर्वांत खालच्या थरांतील पेशी नव्या पेशींना जन्म देतात. त्या हळूहळू वर सरकतात, म्हाताऱ्या होतात, व शेवटीं झडून जातात. खेळतांना किंवा हाडूक चघळतांना तोंडास बारीकसा ओरखडा पडला कीं विषाणु त्या वाटेनें खालच्या थरांत शिरतो. तेथें तो जवळजवळ मुकाट्यानें राहतो. त्याची खरी वीण होते ती वरच्या थरांत, झडूं घातलेल्या पेशींमध्यें, जेथें शरीराच्या पहारेकऱ्यांचें जाणें-येणें फारसें नसतें. तो रक्तांत उतरत नाहीं. पेशी फोडून आरडाओरडा करीत नाहीं. ताप आणीत नाहीं. दार न फोडतां, दिवा न लावतां, माळ्यावर बिऱ्हाड करून राहिलेल्या चोरासारखी त्याची रीत. खालीं घरांतील माणसें निजलेलीं असतात. त्यांना चाहूलच लागत नाहीं.

विषाणूचा शिरकाव झाल्यापासून चामखीळ दिसूं लागेपर्यंत बहुधा एक ते दोन महिने जातात. म्हणून रोग कोठून आला याचा शोध क्वचितच लागतो. आजारी कुत्र्याशीं खेळणें, एकाच ताटलींत खाणें, एकमेकांचीं खेळणीं चघळणें हे त्याचे नेहमींचे मार्ग होत. दोन वर्षांच्या आंतील कुत्र्यांत हा आजार अधिक आढळतो, कारण त्यांच्या शरीरानें हा शत्रु पूर्वीं पाहिलेला नसतो. प्रौढ कुत्र्यास तो झाला तर त्याची प्रतिकारशक्ति कशानें तरी क्षीण झालेली नाहीं ना, हें पाहावें लागतें.

असे कांहीं आठवडे लोटतात, आणि मग घर जागें होतें. रक्तांतील पांढऱ्या पेशींपैकीं लिंफोसाइट नांवाच्या पेशी चामखिळीच्या बुडाशीं गर्दी करूं लागतात. त्यांच्यांतील कांहीं पेशी विषाणूनें ग्रासलेली पेशी हुडकून तिचा नाश करतात, तर कांहीं या कामाचा हुकूम सोडतात. चामखिळी सुकतात, काळवंडतात, आक्रसतात व गळून पडतात. बहुतेक तरुण कुत्र्यांत ही सर्व क्रिया एक ते तीन महिन्यांत आपोआप पुरी होते. मागें व्रणही राहत नाहीं.

हें वाचून किंवा ऐकून कोणी म्हणेल, मग उपचाराची गोष्टच कशाला? गोष्ट अशी कीं, सर्वच कुत्र्यांचें भाग्य असें नसतें. कांहींच्या तोंडांत चामखिळी इतक्या दाटतात कीं गिळणें कठीण होतें. कांहींच्या दातांखालीं त्या चेंगरून वारंवार रक्त येतें व जखम चिघळते. कांहींच्या शरीरास तीन-चार महिने लोटले तरी जाग येत नाहीं. अशा जुनाट चामखिळींपैकीं अगदीं थोड्यांचें पुढें कर्करोगांत रूपांतर झाल्याचींही उदाहरणें आहेत. येथें वैद्यापुढें दोन मार्ग उरतात. एक, चामखिळी कापणें, जाळणें किंवा अतिशीत द्रव्यानें गोठविणें. दुसरा, निजलेल्या घराला हांक मारणें. पहिल्यानें दिसणारी चामखीळ जाते. पण शेजारच्या निरोगी दिसणाऱ्या अस्तरांत दडलेला विषाणु तसाच राहतो. दुसरा मार्ग हाच प्रतिकारशक्तीच्या उपचाराचा मार्ग होय.

त्यांतील सर्वांत जुना व भारतांतील पशुवैद्यांस चांगला परिचित असलेला उपाय म्हणजे रोग्याच्याच चामखिळींपासून केलेली लस. तिला स्वजन्य लस म्हणतां येईल. तिची कृति थोडक्यांत अशी. कुत्र्यास भूल देऊन चार-दोन चामखिळी कापून घेतात. निर्जंतुक खलांत त्या बारीक वाटतात व मिठाच्या शुद्ध द्रावणांत कालवून गाळतात. त्या अर्कांत अल्प प्रमाणांत फॉर्मेलिन मिसळलें म्हणजे विषाणूची वाढण्याची शक्ति नष्ट होते, परंतु त्याचें रूप बऱ्याच अंशीं कायम राहतें. इतर जंतु उरले नाहींत याची प्रयोगशाळेंत खात्री करून घेतल्यावर हा अर्क आठवड्याच्या अंतरानें कांहीं वेळां कातडीखालीं टोंचतात. गाईम्हशींच्या आंचळांवरील व अंगावरील चामखिळींसाठींही हीच रीत वापरतात.

या युक्तीचें मर्म असें. तोंडाच्या वरच्या थरांत लपलेला चोर पहारेकऱ्यांना दिसत नव्हता. त्याचेंच निर्जीव चित्र आतां कातडीखालीं, म्हणजे जेथें पहारेकऱ्यांची सदैव वर्दळ असते अशा भर चावडीवर, आणून टांगलें जातें. एकदां चेहरा ओळखला कीं तेच पहारेकरी अंगभर फिरून तोंडांतील मूळ चोरास हुडकतील, अशी अपेक्षा. निर्जीव जंतु दाखवून सजीव जंतूंविरुद्ध शरीराला सावध करण्याची ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाहीं. १० जानेवारी १८९७ रोजीं वाल्डेमार हाफकिन यांनीं मुंबईंत उष्णतेनें मारलेल्या प्लेगच्या जंतूंची लस प्रथम स्वतःच्याच शरीरांत टोंचून घेतली होती. त्यांच्या नांवाची संस्था परळास आहे. तेथेंच, परळांत, १८८६ सालीं मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय स्थापन झालें. मनुष्याची लस व जनावराची चिकित्सा यांचें शेजारपण आपल्याकडे असें जुनें आहे.

परंतु प्लेगची लस रोग होण्यापूर्वीं द्यावयाची होती, आणि चामखिळीची ही लस रोग झाल्यावर द्यावयाची असते. हा भेद फार मोठा आहे, आणि तेथेंच सत्यनिष्ठ वैद्याची परीक्षा होते. स्वजन्य लस टोंचल्यावर कुत्रीं बरीं झाल्याचे वृत्तांत पुष्कळ आहेत. परंतु लस न टोंचतांही बहुतेक कुत्रीं बरीं होतात, हें वर सांगितलेंच आहे. चौथ्या आठवड्यांत घाबरून उपचार सुरू केला आणि आठव्या आठवड्यांत चामखिळी गळाल्या, तर यश कोणाचें? लशीचें, कीं काळाचें? कावळा बसावयास आणि फांदी तुटावयास एकच गांठ पडली म्हणून फांदी कावळ्यानेंच मोडली असें म्हणतां येत नाहीं. याचा निर्णय करावयाचा तर सारख्या वयाचीं, सारख्या अवस्थेंतील पुष्कळ कुत्रीं घ्यावीं लागतील; निम्म्यांस लस व निम्म्यांस नुसतें मीठपाणी टोंचावें लागेल; आणि कोणास काय दिलें हें मोजणाऱ्यास ठाऊक नसावें लागेल. स्वजन्य लशीच्या बऱ्याचशा वृत्तांतांत अशी तुलना नसते. म्हणून तिचा उपयोग संभवनीय आहे, विशेषतः जुनाट आजारांत ती वापरून पाहण्याजोगी आहे, परंतु ती रामबाण नव्हे, एवढेंच प्रामाणिकपणें म्हणतां येतें.

दुसऱ्या कित्येक उपायांनाही हाच न्याय लागू आहे. चार-दोन चामखिळी चिमट्यानें चेंगरणें, म्हणजे आंतला विषाणु बाहेर पडून रक्षक पेशींच्या दृष्टीस पडेल; कुत्र्याचेंच थोडें रक्त काढून त्यालाच टोंचणें; इंटरफेरॉन नांवाच्या, शरीरांतच निर्माण होणाऱ्या विषाणुरोधक द्रव्याचीं इंजेक्शनें देणें; कातडीवरील चामखिळींस इमिक्विमॉड हें तेथल्या पेशींना चेतविणारें मलम लावणें; हे सर्व त्याच एका हेतूचे वेगवेगळे प्रयत्न होत. कोणास त्यांनीं गुण येतो, कोणास येत नाहीं. यांपैकीं कोणता, केव्हां व करावा कीं नाहीं, हें पशुवैद्यानेंच ठरवावयाचें. मलम कुत्रें चाटून टाकतें, म्हणून तोंडांत तें लावण्यांत अर्थ नाहीं.

स्वजन्य लस घरीं किंवा अर्धवट माहितीच्या माणसाकडून करवून घेणें तर धोक्याचें आहे. अर्क नीट निर्जीव झाला नाहीं तर औषधाच्या नांवानें रोगच टोंचला जावयाचा. अमेरिकेंत कुत्र्यांना या विषाणूची जिवंत लस टोंचल्यावर त्यांतील थोड्या कुत्र्यांस, नेमक्या टोंचलेल्या जागींच, पुढें कातडीचा कर्करोग झाल्याचा वृत्तांत १९८७ सालीं प्रसिद्ध झाला. मेलेलें चित्र आणि जिवंत चोर यांतील अंतर किती महत्त्वाचें आहे, तें यावरून कळून येईल.

खानदेशांतील श्रोत्यांच्या मनांत येथें आणखी एक प्रश्न उभा राहील. ऑगस्ट २०२२ मध्यें महाराष्ट्रांत लंपी त्वचारोगाच्या त्या सालच्या सांथीचीं पहिलीं जनावरें आढळलीं तीं जळगांव जिल्ह्यांत, रावेर तालुक्यांतील चिनावल येथें. तोही कातडीवर गांठी आणणारा विषाणूचाच रोग. त्या वेळीं गुरांना जी लस टोंचली ती शेळ्यांच्या देवीची होती. आणि शेळीच्या लशीनें गाईचें रक्षण झालें. मग कुत्र्याच्या चामखिळींसाठीं दुसऱ्या एखाद्या जनावराची तयार लस कां चालूं नये?

कारण दोन्ही विषाणूंच्या कुळांचा स्वभाव भिन्न आहे. शेळीची देवी व गाईचा लंपी यांचे विषाणु सख्ख्या भावांसारखे आहेत. एकाचा चेहरा ओळखला कीं दुसराही ओळखूं येतो. पॅपिलोमा विषाणु मात्र आपापलें घर सहसा सोडीत नाहींत. कुत्र्याचा कुत्र्यापाशीं, मनुष्याचा मनुष्यापाशीं. एका जातीच्या विषाणूची ओळख दुसऱ्या जातीच्या कामीं फारशी येत नाहीं. म्हणूनच रोग्याच्याच चामखिळींतून लस करण्याचा खटाटोप करावा लागतो. पण हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनें दिलासा देणारी आहे. देवपुरांतील त्या कुत्र्याच्या तोंडांतील चामखीळ त्या दोन मुलांस होणार नाहीं. घरांतील दुसऱ्या कुत्र्यास मात्र होऊं शकेल. आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. दरवर्षीं कुत्र्यांस जी संयुक्त लस टोंचतात तिच्यांत पार्व्हो नांवाच्या रोगाविरुद्ध संरक्षण असतें, पॅपिलोमाविरुद्ध नसतें. नांवांतील आरंभींचें अक्षर एक असलें तरी हे दोन विषाणु अगदीं निराळे आहेत.

आतां या कथेचें दुसरें टोंक. मनुष्याच्या पॅपिलोमा विषाणूंचे पुष्कळ प्रकार आहेत. कांहींमुळें हातापायांस साध्या चामखिळी होतात. कांहींमुळें स्त्रियांच्या गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होतो. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनीं १९८३ सालीं अशा कर्करोगांत या विषाणूचा सोळावा प्रकार असल्याचें दाखविलें. त्या कार्याबद्दल २००८ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. शत्रु कळला. पण त्याविरुद्ध लस करावी कशी? विषाणु प्रयोगशाळेंतील पात्रांत सहजासहजीं वाढेना. जिवंत विषाणु टोंचणें तर अशक्यच, कारण त्याच्या पोटांत कर्करोगाचें बीज.

१९९१ सालीं ऑस्ट्रेलियांत इयन फ्रेझर व जिआन झाऊ यांनीं एक नवी वाट दाखविली. विषाणूच्या बाहेरच्या कवचाचें प्रथिन वेगळें तयार केलें तर त्याचे रेणु आपोआप एकमेकांस बिलगून कवच रचतात. त्यांत आंतील बीज मुळींच नसतें. दाणा नसलेली भुईमुगाची शेंगच जणू! बाहेरून तंतोतंत खरी, आंतून पोकळ. पेरली तर उगवणार नाहीं, पण पाहणारा तिला शेंग म्हणून ओळखील. हें कवच एकाच प्रथिनाच्या ३६० रेणूंचें, पांच-पांचांच्या ७२ गटांत रचलेलें असतें.

पण या पोकळ शेंगेनें खरेंच रक्षण होतें काय? हें पाहावयाचें तर असा प्राणी पाहिजे होता कीं ज्याला स्वतःच्याच पॅपिलोमा विषाणूमुळें, तोंडासारख्या ओलसर अस्तरावर रोग होतो. तो प्राणी कुत्रा. अमेरिकेंतील संशोधकांनीं कुत्र्याच्या विषाणूचीं अशींच पोकळ कवचें तयार करून कुत्र्यांस टोंचलीं आणि नंतर तोंडाच्या अस्तरांत जिवंत विषाणु घातला. १९९५ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष स्पष्ट होता. लस दिलेल्या कुत्र्यांस रोग झाला नाहीं. इतकेंच नव्हे, तर लस दिलेल्या कुत्र्यांच्या रक्तांतील प्रतिद्रव्यें काढून दुसऱ्यांस दिलीं तरी त्यांचें रक्षण झालें. म्हणजे दाराशींच चोर अडविणारे रखवालदार रक्तांत निर्माण झाले होते. सशांवर व गुरांवर झालेल्या संशोधनाचा वांटाही या कामांत आहे. परंतु ओलसर अस्तराच्या रोगाबद्दल जो भरंवसा पाहिजे होता तो पुष्कळ अंशीं कुत्र्यांनीं मिळवून दिला.

२००६ सालीं मनुष्यासाठीं याच तत्त्वावरची पहिली लस अमेरिकेंत मान्य झाली. पुढें पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें ‘सर्वाव्हॅक’ ही भारतीय लस तयार केली. २०२२ सालीं तिला मान्यता मिळाली व जानेवारी २०२३ मध्यें ती प्रसिद्धपणें वापरांत आणली गेली. ती सहावा, अकरावा, सोळावा व अठरावा अशा चार प्रकारांपासून रक्षण करते. त्यांपैकीं पहिले दोन चामखिळींचे, व पुढचे दोन कर्करोगाचे मुख्य प्रकार होत. या रोगाची व्याप्ति किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंस्थेच्या अंदाजाप्रमाणें २०२२ या एकाच वर्षीं भारतांत सुमारें १ लाख २७ हजार स्त्रियांस हा कर्करोग नव्यानें झाला, व सुमारें ८० हजार स्त्रिया त्यानें दगावल्या. हे आंकडे नुसते आंकडे नव्हत. तितक्या घरांतील चुली आहेत.

येथेंही मघांचाच भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. ही लस चोर येण्यापूर्वीं दार राखते; आंत शिरलेल्या चोरास ती बाहेर काढूं शकत नाहीं. कुत्र्यांतही तसेंच. रखवालदार वेगळे, आणि माळ्यावर चढून झडती घेणाऱ्या पेशी वेगळ्या. म्हणूनच मनुष्याची लस मुलींना कोवळ्या वयांत द्यावयाची असते. नऊ ते चौदा वर्षांच्या दरम्यान दिली तर दोन मात्रा पुरतात. आणि म्हणूनच झालेला रोग बरा करणारी लस हा शास्त्रापुढील अजूनही अर्धा सुटलेला प्रश्न आहे. मग तो रोग कुत्र्याचा असो, कीं मनुष्याचा.

आतां पुन्हा देवपुरांतील त्या घरीं जावें. तेथें काय घडावें?

प्रथम कुत्र्यास पशुवैद्याकडे न्यावें. तोंडांतील प्रत्येक गांठ चामखीळच असते असें नाहीं. तें ठरविणें जाणत्याचें काम आहे. प्रौढ कुत्र्यांत, किंवा एकच गांठ झपाट्यानें वाढत असेल तर, तिचा तुकडा तपासून घेणें अगत्याचें आहे. दुसऱ्या रोगासाठीं स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ति दाबणारें औषध चालू असेल तर तें वैद्यास सांगावें; स्वतःच्या मनानें मात्र बंद करूं नये. कुत्र्याची ताटली वेगळी ठेवावी, इतर कुत्र्यांशीं त्याला कांहीं दिवस खेळूं देऊं नये. टणक हाडकांऐवजीं भाकरी दुधांत किंवा वरणांत कुसकरून द्यावी. बिब्बा व चुना यांना त्या तोंडाजवळ फिरकूं देऊं नये. त्यांनीं कोवळें अस्तर भाजतें, आणि भाजलेल्या जागीं नव्या जखमा होतात. ज्या विषाणूला शिरावयास ओरखडाच पाहिजे असतो, त्याला आयतें दार उघडून देण्यासारखेंच तें आहे.

आणि एक वही करावी. दर रविवारीं कुत्र्याचा ओठ हलकेच उचलून चामखिळी मोजाव्या व तारीख घालून आंकडा लिहावा. हें काम त्या दहा वर्षांच्या नातीकडे द्यावें. कुत्रें खातें-पितें आहे, खेळतें आहे, तोंवर वाट पाहण्यास हरकत नाहीं. गिळणें कठीण झालें, रक्त थांबेना, किंवा तीन महिने लोटूनही आंकडा खालीं येईना, तर वैद्याशीं बोलून कापणें, स्वजन्य लस किंवा अन्य उपाय योजावा. त्या वेळीं ही वही वैद्याच्या हातीं द्यावी. ऐकीव कौतुकापेक्षां तिची किंमत अधिक, कारण उपचारापूर्वींच आंकडा उतरूं लागला होता, कीं उपचारानंतर उतरला, हें तीच सांगूं शकेल.

पहिल्या रविवारीं वहींत पंधरा असा आंकडा पडेल. कदाचित् पुढच्या रविवारीं बावीस. घरांत पुन्हा चिंता वाटेल, लळिंगची गोष्ट पुन्हा कोणी काढील. मग एका रविवारीं बावीसच, वाढ थांबली. त्यापुढें सतरा. त्यापुढें सहा. आणि एके सकाळीं नात ओठ उचलून पाहील, दुसरीकडून पाहील, भावास बोलावून पाहावयास सांगेल, आणि वहींत शून्य लिहील.

त्याच आठवड्यांत तिच्या आईनें तिला डॉक्टरांकडे घेऊन जावें, व तिच्या स्वतःच्या लशीची विचारपूस करावी. दाराशीं शेपटी हालवीत बसलेल्या त्या प्राण्याला या दोन गोष्टींचा संबंध कळणार नाहीं. घरच्यांना तो कळला म्हणजे पुरे.